हिवाळ्यात कॅराव्हॅन, सोबत आई: ठाणे ते किन्नौर. थंडीचं नियोजन कसं करता?

घोडबंदरची_स्वारी | ३ नोव्हेंबर, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय, लांबलाय, सांभाळून घ्या.

मागच्या वर्षी एक सेकंडहँड कॅराव्हॅन घेतली. ट्रॅव्हलरच्या चासीवर बांधलेली आहे, आरसीवर मोटार कॅराव्हॅन अशीच नोंद आहे (पहिला प्रश्न दरवेळी तोच येतो म्हणून आधीच सांगून टाकतो). मागे आडवा बेड, मधे समोरासमोर सीटा, रात्री त्यांचा दुसरा बेड होतो, ओटा, छोटा फ्रीज, पोर्टेबल टॉयलेट. तारकर्ली, गणपतीपुळे, गोकर्ण असं फिरून झालं पण ते सगळं समुद्राकाठी, तिथे एकच त्रास, उकाडा.

आता आईसाठी निघायचंय. आई ६८ वर्षांची, आयुष्यात बर्फ बघितला नाही. बाबा होते तेव्हा दोनदा सिमल्याचं बुकिंग झालं आणि दोन्ही वेळा घरात काहीतरी निघालं, राहून गेलं, आता बाबा नाहीत. ती स्वतःहून कधीच काही मागत नाही. परवा माझ्या मुलीचं भूगोलाचं पुस्तक घेऊन बसली होती आणि तिला विचारत होती, बर्फ हातात धरला की चटका बसतो म्हणतात, खरं का गं? मी तिथेच उभा होतो. त्या रात्रीच नकाशा उघडला.

प्लॅन असा: डिसेंबर अखेर, ठाणे, उदयपूर, जयपूर, चंदीगड, मग हिमाचलात नारकंडा, किन्नौरमधलं कल्पा आणि जमलंच तर त्याच्याही पुढे स्पितीतलं काझा. १६ दिवस. मी, बायको, ९ वर्षांची मुलगी आणि आई.

भीती कशाची वाटते ते सांगतो. गेल्या जानेवारीत भंडारदऱ्याला एक रात्र काढली. गारठा लागू नये म्हणून सगळ्या खिडक्या, वरचा व्हेंट, सगळं घट्ट बंद केलं, दाराच्या फटीत टॉवेल कोंबले. पहाटे चारला मुलगी उठली की तोंडावर पाणी पडतंय. छताचा पत्रा घामेजून थेंब गळत होते, काचा पाझरत होत्या, गादी उचलली तर खालचा प्लाय ओला. बाहेर काही शून्य नव्हतं, दहा-बारा असेल आणि तरी आम्ही चौघं काकडत होतो. दहाला हे, तर उणे दहाला काय?

हीटर कुठला घ्यावा, पाणी गोठलं तर काय, गॅस चालतो का, बॅटरी टिकते का, जे माहीत असेल ते सांगा.

---

नेरुळ_सुमेधा | ४ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

भंडारदऱ्याला तुम्हाला थंडी नाही वाजली, ओल बाधली. आम्ही दोघं रिटायर झाल्यापासून सात हिवाळे फिरतोय, कच्छ, शेखावटी, माउंट अबू, एकदा कल्पा, आणि मी हे सगळ्यांना सांगत असते. माणूस रात्रभर श्वासातून पाणी बाहेर टाकत असतो. चार माणसं म्हणजे सकाळपर्यंत लिटरच्या आसपास पाणी त्या डब्यात सुटतं, वर चहा केला, भात लावला, टॉवेल वाळत घातले तर आणखी. ते पाणी जाणार कुठे? जिथे पत्रा गार तिथे जाऊन बसणार. मग गादी ओली, पांघरूण ओलं, आणि ओल्या पांघरुणात दहा अंशसुद्धा हाडात जातात.

वरचा व्हेंट दोन बोटं उघडा ठेवायचा. रात्रभर. आणि खाली कुठेतरी हवा आत यायला फट पाहिजे. थंडीत खिडकी उघडी ठेवा म्हटलं की लोक माझ्याकडे बघत राहतात पण बाहेरची थंड हवा कोरडी असते, आत येऊन तापली की ओल शोषून वरून निघून जाते. तुम्ही टॉवेल कोंबलेत तिथेच चुकलं.

गादीखाली काथ्याची चटई घाला, प्लायवर थेट गादी नको, खालून हवा खेळली पाहिजे. आणि आईंसाठी चांगली लोकरीची घोंगडी घ्या. गोधडी घरात छान पण सुती असते, ओल धरली की वाळत नाही. घोंगडी थोडी दमट झाली तरी ऊब देते, धनगर उगाच नाही पावसात खांद्यावर टाकत.

---

तुर्भे_वर्कशॉप | ४ नोव्हेंबर, दुपारी १:०५

सुमेधाताईंशी शंभर टक्के सहमत, मी फक्त पत्र्याची बाजू सांगतो, धंदाच तो आहे.

तुमच्या गाडीचं आतलं पॅनल एका ठिकाणी उघडून बघा मागे काय भरलंय. सेकंडहँड गाड्यांत मी थर्माकोलचे तुकडे बघितलेत, काचलोकर बघितली, काही ठिकाणी नुसती पोकळी. काचलोकर पाणी पकडून ठेवते आणि पत्रा आतून गंजतो, आपल्याकडे खाडीची हवा, वेगळं सांगायला नको. बंद पेशींचा नायट्रिल रबर फोम, एसीच्या पाइपवर काळा असतो तोच, शीटमध्ये मिळतो, पत्र्याला पूर्ण चिकटवून लावायचा, मागे हवा राहता कामा नये. आणि बरगड्या, म्हणजे छताच्या आडव्या लोखंडी पट्ट्या, त्यांच्यावरही लावा. तुमच्या मुलीच्या तोंडावर थेंब पडले ते बहुतेक अशाच पट्टीखालून.

सगळ्यात जास्त ऊब पळते ती ड्रायव्हरच्या केबिनमधून. एवढी मोठी पुढची काच, दोन दारं, तिथे काहीच नसतं. केबिन आणि मागचा भाग यांच्यामध्ये जाड पडदा लावा, जमिनीपर्यंत लोळणारा. पुढच्या काचेला चंदेरी आवरण बाहेरून लावा, आतून नको, आतून लावलं की मागे काच घामेजते आणि सकाळी डॅशबोर्डवर तळं.

आता हीटर. डिझेलवर चालणारा पार्किंग हीटर घ्या, गॅसचा नको. दोन किलोवॅटचा तुमच्या गाडीला पुरे, चांगलं इन्सुलेशन असेल तर रात्रभरात दोन लिटरच्या आतबाहेर डिझेल पितो. पाचचा घेतला तर कायम मंद आचेवर चालवाल आणि काजळी धरेल. जळायला लागणारी हवा बाहेरून घेतो, धूर बाहेर सोडतो, आत येते फक्त गरम कोरडी हवा. बसवताना धुराचा पाइप गाडीच्या खालून पूर्ण बाजूला काढा, आत येणाऱ्या हवेच्या तोंडापासून लांब. बंद करायच्या आधी पंधरा मिनिटं फुल्लवर चालवा म्हणजे काजळी जळून जाते, आणि बॅटरीचा कट-ऑफ फिरवून कधीही बंद करू नका, थंड व्हायला त्याला त्याची दोन-चार मिनिटं लागतात.

उंचीवर हवा विरळ, काझ्याला समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश, मग डिझेल जास्त आणि हवा कमी असं होऊन चोंदतो. उंचीचा मोड असलेला घ्या, नसेल तर काझा विसरा.

---

पाचपाखाडीकर | ४ नोव्हेंबर, रात्री ९:३०

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. ६८ वर्षांच्या आईला उणे दहात पत्र्याच्या गाडीत झोपवायचं कशासाठी? दिवसा गाडीने फिरा, रात्री होमस्टे घ्या. कल्प्याला सफरचंदवाल्यांची घरं आहेत, लाकडाच्या खोल्या, मधे खोली तापवायचा तंदूर पेटवलेला असतो. माझ्या वडिलांना घेऊन गेलो होतो तेव्हा हेच केलं.

---

नेरुळ_सुमेधा | ४ नोव्हेंबर, रात्री १०:१०

तुमचं म्हणणं पटतंय हो, पण एक बाजू कुणी बोलत नाही म्हणून बोलते. साठीनंतर बाईला रात्री दोनदा-तीनदा उठावं लागतं. जानेवारीत आम्ही होमस्टेला होतो, नळ गोठलेले, संडास अंगणापलीकडे, पायऱ्यांवर बर्फ. मी दुपारपासून पाणी प्यायचं बंद केलं आणि मग डोकं धरलं ते वेगळंच. गाडीत टॉयलेट चार पावलांवर असतं, हातात बॅटरी धरावी लागत नाही. माझ्यासाठी तरी हीटरपेक्षा हे महत्त्वाचं होतं.

---

पाचपाखाडीकर | ४ नोव्हेंबर, रात्री १०:२२

हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. वडील बोलले नसते म्हणून आम्हाला कळलं नाही कदाचित.

---

कळव्याचा_स्टेअरिंगवाला | ५ नोव्हेंबर, पहाटे ५:२०

एसटीत ३१ वर्षं गाडी चालवली, आता घरी. हीटर बिटर मला कळत नाही, रस्त्याचं सांगतो.

जयपूर सोडल्यावर चंदीगडपर्यंत डिसेंबर-जानेवारीत धुकं. आपलं कसाऱ्याचं पावसाळी धुकं वाऱ्याबरोबर येतं जातं. तिकडचं रात्री वारा पडला की जमिनीतून उठल्यासारखं येतं आणि सकाळी दहापर्यंत हलत नाही. त्यात गाडी चालवायचीच नाही. आपल्याला पहाटे लवकर निघायची सवय, तिकडे ती सोडून द्या. दहाला निघा, अंधाराच्या आत थांबा, ढाब्याच्या आवारात आत घेऊन लावा, रस्त्याच्या कडेला नको, मागून ट्रक येतो त्याला तुम्ही दिसत नाही. अडकलातच तर हेडलाइट डिपरवर, फुल्ल मारला की पांढरी भिंत दिसते. चालत्या गाडीला चारी इंडिकेटर लावू नका, मागच्याला कळत नाही तुम्ही उभे की चालू.

डोंगरात सकाळी सावलीतला डांबरी रस्ता ओला दिसला तर तो ओला नाही, त्यावर बर्फाचा पापुद्रा आहे. ब्रेक लावला की गेली गाडी. खालच्या गिअरवर सोडायची, पाय ब्रेकवर नेऊच नका. तुमची गाडी मागच्या चाकांवर चालते, बर्फावर पकड मिळावी म्हणून घालायच्या साखळ्या मागच्या चाकांना. ठाण्यातच कोरड्या जागी चार वेळा चढवून उतरवून बघा, बर्फात हात बधिर झाल्यावर शिकता येत नाही.

रात्री लावताना गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड. हँडब्रेक ओढून ठेवला आणि ड्रमला पाणी असेल तर सकाळी सुटत नाही.

अजून एक. रेडिएटरमध्ये काय आहे बघा. आपण घाटात गाडी तापली की बाटलीभर नळाचं पाणी ओततो, मीही ओतलंय. तसलं पातळ झालेलं कूलंट तिकडे गोठलं की इंजिनच तडकणार. निघण्याआधी सगळं काढा, निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड पाणी भरा.

---

तुर्भे_वर्कशॉप | ५ नोव्हेंबर, सकाळी १०:००

काकांचं शेवटचं वाक्य छापून डॅशबोर्डवर लावा. निम्मं निम्मं केलं की उणे पस्तीसपर्यंत काळजी नाही.

त्याला जोडून डिझेलचं. डिझेलमध्ये मेण असतं, कडाक्यात ते गोठून फिल्टर चोंदतो. आपल्याकडे भरलेलं डिझेल टाकीत घेऊन वर जाऊ नका, टाकी रिकामी करत करत जा आणि रामपूर किंवा रेकाँग पिओला स्थानिक पंपावर भरा. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये खास हिवाळी डिझेल काढलं, उणे ३३ पर्यंत वाहतं राहणारं, यावरून अंदाज घ्या की साधं डिझेल तिकडे का पुरत नाही. कुणी रॉकेल मिसळा म्हणेल, जुन्या इंजिनात चालायचं, बीएस-६ मध्ये अजिबात नको, पंप आणि इंजेक्टर दोन्ही जातील.

---

ऐरोली_सोलर | ५ नोव्हेंबर, सायंकाळी ६:४५

बॅटरी कुठली आहे तुमची? लिथियम आयर्न फॉस्फेट असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, शून्याखाली ती वापरता येते पण चार्ज करता येत नाही. गोठलेल्या बॅटरीत करंट ढकलला तर आत लिथियमचा थर साचतो आणि बॅटरी कायमची बाद. बीएमएसमध्ये, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटमध्ये, कमी तापमानाचा कट-ऑफ आहे का विकणाऱ्याला विचारा, आणि बॅटरी बाहेरच्या पेटीत असेल तर आत सीटखाली घ्या, तुम्हाला ऊब तर तिलाही ऊब.

सोलरवर फार विसंबू नका. डिसेंबरच्या शेवटी ठाण्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४७ अंशांवर असतो, कल्प्याला ३५. छतावर सपाट झोपलेल्या पॅनलला तेवढा तिरपा प्रकाश, वर चारी बाजूंना डोंगर, दुपारी तीनला सूर्य गायब. गाडी चालताना अल्टरनेटरवरून चार्ज होईल अशी डीसी-डीसी चार्जरची सोय करा. डिझेल हीटर सुरू होताना आठ-दहा अँपिअर ओढतो, नंतर एक-दीड. २०० अँपिअर-अवरच्या बॅटरीला रात्रभर काहीच नाही. पण इंडक्शन लावलंत तर १२ व्होल्टवर दोन किलोवॅट म्हणजे दीडशेच्या वर अँपिअर, ते तिकडे नको.

---

घोडबंदरची_स्वारी | ५ नोव्हेंबर, रात्री ११:१५

काय बोलू, दोन दिवसांत इतकं. २०० ची लिथियमच आहे आणि हो, बाहेरच्या पेटीत आहे. हलवतो. पॅनल उघडलं, मागे थर्माकोल निघाला, आणि बरगड्यांवर काहीच नाही.

आता गॅस. इंडक्शन नाही तर ५ किलोचा छोटा सिलेंडर नेतो. आईचं म्हणणं, एवढं कशाला, झोपायच्या आधी ओट्यावरचा बर्नर अर्धा तास लावून ठेवला तरी गाडी गरम होईल. चालेल का?

---

नेरुळ_सुमेधा | ५ नोव्हेंबर, रात्री ११:३१

नाही. नाही. नाही. आईंना माझा नमस्कार सांगा आणि हे वाचून दाखवा.

पहिल्या वर्षी आमच्याकडे हीटर नव्हता. शेखावटीत फतेहपूरला होतो, तिथे पारा शून्याखाली जातो हे आम्हाला गावात गेल्यावर कळलं. बर्नर बारीक करून ठेवला, खिडक्या बंद, फक्त थोडा वेळ म्हणून आणि दोघांचाही डोळा लागला. साडेतीनला मला लघवीला जाग आली, उठले आणि गुडघ्यांवर बसले, पायात जीवच नव्हता. डोकं फुटत होतं. मला वाटलं बीपी. ह्यांना हाका मारल्या तर ते हुं हुं करतायत पण उठत नाहीत. दाराची कडी कशी काढली मला आठवत नाही. बाहेर वाळूत बसून दोघंही ओकलो. त्या रात्री मला जाग आली नसती तर, हे मी आजही कुणाशी पूर्ण बोलू शकत नाही.

---

खारघर_फिजिशियन | ६ नोव्हेंबर, सकाळी ८:५०

ताई, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

बंद जागेत ज्योत जळली की ऑक्सिजन कमी होतो, मग जळणं अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त ओढीने त्याला धरतं. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, पायांतलं बळ जाणं. एकाच गाडीतल्या सगळ्यांना एकदम डोकेदुखी झाली तर ते पित्त नाही, सर्दी नाही, दार उघडा आणि बाहेर पडा. कोळशाची शेगडी तर गॅसहून वाईट, विझत आलेल्या निखाऱ्यांनी दर हिवाळ्यात माणसं जातात.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्या, ईएन ५०२९१ असं युरोपीय मानक लिहिलेला, त्यात कॅराव्हॅनसाठी वेगळा भाग दोन आहे. तो झोपल्यावर डोकं असतं त्या उंचीला लावा. एलपीजीचा अलार्म वेगळा, तो जमिनीलगत, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. गाडीच्या तळाला गॅस निघून जायला भोकं ठेवलेली असतात, गार वारा येतो म्हणून लोक त्यांवर पायपुसणं टाकतात. ते कधीही करू नका.

आता आईंबद्दल. बीपीची गोळी चालू आहे का? थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, प्रेशर वाढतं, त्यामुळे निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना दाखवून, प्रेशर मोजायचं यंत्र सोबत घेऊन निघा. उंचीचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होऊ शकतो. नारकंडा २,७०० च्या आसपास, कल्पा २,९६०. म्हणून नारकंड्याला दोन रात्री काढा, मग कल्पा. काझा ३,६०० च्या वर आहे, आईंना घेऊन, हिवाळ्यात, १६ दिवसांच्या धावपळीत, माझं मत स्पष्ट नाही असं आहे. तिथून कुणाला खाली आणायचं झालं तर मनालीकडे जाणारी कुंझुम खिंडीची वाट बंद असते, किन्नौरकडून एकच रस्ता आणि तोही दरडी-बर्फाने अडू शकतो.

---

तुर्भे_वर्कशॉप | ६ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

स्वयंपाकापुरता गॅस, व्हेंट उघडा ठेवून, एवढंच. आणि तोही वर रडतो. आपल्या घरगुती सिलेंडरमध्ये ब्युटेन आणि प्रोपेन मिसळलेलं असतं, ब्युटेन शून्याच्या जरासं खाली गेलं की वाफ व्हायलाच तयार नसतं, प्रोपेन उणे ४२ पर्यंत होतं. म्हणजे सिलेंडर भरलेला आणि ज्योत मेणबत्तीएवढी. अशा वेळी सिलेंडरखाली काहीही पेटवायचं नाही, कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळा, बास.

---

नव्याने_आलो_वाशी | ६ नोव्हेंबर, दुपारी ३:४०

मधेच विचारतो, माझ्याकडे सात सीटर व्हॅन आहे, मागच्या सीटा काढून बेड आणि ओटा बसवला तर चालेल ना?

---

तुर्भे_वर्कशॉप | ६ नोव्हेंबर, दुपारी ४:१५

पक्का बसवला तर नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये हेच धरलं. कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे, त्याप्रमाणे मान्यता घेतलेल्या बांधणीवाल्याकडून घेतली तर आरसीवर तशी नोंद होते. महाराष्ट्राने २०२१ ला कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलंय. सीट न काढता आत उचलून ठेवायची पेटी-कम-बेड करा, उचलली की गाडी पहिल्यासारखी. यावर वेगळा धागा काढा, इथे आईंचा विषय चालू दे.

---

घोडबंदरची_स्वारी | ८ नोव्हेंबर, रात्री १०:०५

सुमेधाताई, आईला वाचून दाखवलं. ती गप्प बसली आणि मग म्हणाली त्या बाईंना सांग, मी पुन्हा बर्नरचं नाव काढणार नाही, आणि त्यांना म्हणावं जपून राहा.

काझा रद्द. डॉक्टर, तुमचं वाचून बायकोने सुटकेचा श्वास सोडला, ती माझ्याजवळ बोलली नव्हती.

आता आधी जवळपास चाचणी घ्यायची आहे. कुठे?

---

कळव्याचा_स्टेअरिंगवाला | ९ नोव्हेंबर, पहाटे ५:०५

निफाड. महाराष्ट्रात गारठा तिथलाच. कसारा चढा, नाशिकवरून पुढे, एका दिवसात पोचता, काही बिघडलं तर त्याच दिवशी परत येता. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दंव गोठतं खरं, पण तिकडे सुट्टीत गाडी लावायला जागा मिळणार नाही.

---

नेरुळ_सुमेधा | ९ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

काका बरोबर बोलले, आणि नांदूर मध्यमेश्वर तिथेच आहे, गोदावरी-कादवाचा संगम, आपल्या राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. मुलीसाठी दुर्बीण न्या. एखाद्या द्राक्षवाल्याला विचारून त्याच्या शेतात गाडी लावा, परवानगी मागितली की लोक चहाशिवाय सोडत नाहीत.

पाण्याची पण तिथेच रंगीत तालीम करा. टाकी गाडीच्या खाली बाहेर असेल तर ती कल्प्याला रिकामीच ठेवायची, आत पाच-पाच लिटरचे कॅन, पाऊणच भरायचे, पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं आणि काठोकाठ भरलेला कॅन फाटतो. सांडपाण्याचा नळ उघडा ठेवून खाली बादली, सकाळी गोठलेली बादली उचलून योग्य जागी नेऊन ओतायची, शेतात किंवा नाल्यात नाही. कुकर न्या, उंचीवर पाणी लवकर उकळतं आणि डाळ शिजत नाही.

---

घोडबंदरची_स्वारी | १५ डिसेंबर, रात्री ९:५०

आलो परत! सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी वेळ दिलात.

महिनाभरात झालेली कामं: थर्माकोल काढून नायट्रिल फोम, बरगड्यांसकट. दोन किलोवॅटचा हीटर, उंचीच्या मोडवाला. बॅटरी सीटखाली. कूलंट काढलं तर काका, अक्षरशः पाणी निघालं, फिकट, गंजाच्या रंगाचं. ते बघून मी त्या गॅरेजमध्ये पाच मिनिटं नुसता उभा राहिलो.

शनिवारी दुपारी निफाडच्या अलीकडे एका द्राक्षबागेत गाडी लावली. मालकांनी अट घातली, ओट्यावर काही करायचं नाही, आमच्याकडे जेवायचं. बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, वांग्याचं भरीत. रात्री दहाला बाहेर ११, पहाटे साडेपाचला ६. हीटर सगळ्यात खालच्या आचेवर, व्हेंट दोन बोटं उघडा, दाराखाली फट तशीच. आत पहाटे १४. दोन्ही अलार्म गप्प. काचा पुसल्या तर अर्धी वाटीसुद्धा पाणी निघालं नाही, छत कोरडं, गादीखाली हात घातला तर कोरडं.

मी रात्रभर जागा होतो, खरं सांगतो. दर तासाला उठून अलार्मचा आकडा बघत होतो. आई घोंगडीत गाढ झोपली होती. दोनदा उठली, चार पावलं गेली, परत येऊन झोपली, कुणाला हाक मारली नाही. ताई, तेव्हा तुमची आठवण झाली.

पहाटे बागेत सगळीकडे शेकोट्या दिसायला लागल्या. गारठ्याने द्राक्षाचे मणी तडकतात म्हणून शेतकरी ओळींमधून जाळ करतात, धुराने आणि उबेने बाग वाचवतात. आई उठून दारात बसली, घोंगडी पांघरून, आणि कितीतरी वेळ त्या आगींकडे बघत राहिली. म्हणाली, आपण गाडी गरम केली, हे लोक अख्खं रान गरम करतायत. मग धरणावर चक्रवाक आणि थापट्या बघितले, मुलीने वहीत १७ पक्षी लिहिलेत.

एक चुकलं. केबिनचा पडदा आखूड पडला, जमिनीपासून वीतभर वर. तिथून वारा सरळ आईच्या पायावर येत होता. या आठवड्यात खाली वजन घालून नवीन शिवतोय.

निघतोय २६ ला. नारकंडा दोन रात्री, कल्पा तीन. पाचपाखाडीकर, तुमचंही ऐकलंय, कल्प्याला संडास आतच असलेल्या एका होमस्टेची खोली बोलून ठेवली, आईला रात्री जड वाटलं तर ती आणि बायको आत, मी आणि मुलगी गाडीत.

---

खारघर_फिजिशियन | १५ डिसेंबर, रात्री १०:३०

उत्तम. प्रेशर सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवा, आणि त्यांना पाणी प्यायला लावा, टॉयलेट जवळ आहे म्हणजे आता सबब नाही.

---

नेरुळ_सुमेधा | १५ डिसेंबर, रात्री १०:५२

डिसेंबर अखेरीस कल्प्याला ताजा बर्फ पडेलच असं नाही, आईंना आधी सांगून ठेवा. पण सावलीच्या उताराला, देवदारांच्या खाली जुना बर्फ सापडतो, तिथल्या पोरांना विचारा, ते घेऊन जातात. हातमोजे काढून धरू द्या त्यांना.

---

कळव्याचा_स्टेअरिंगवाला | १६ डिसेंबर, पहाटे ५:१०

टायरची हवा ठाण्यात दुपारी तपासली असेल तर तिकडे पहाटे परत बघा. दहा अंश उतरले की दीड-दोन पीएसआय जाते, तुमच्या मोठ्या टायरला त्याहून जास्त. स्टेपनीचीही बघा. २६ ला गायमुखला पहाटे मी कोपऱ्यावर उभा असेन, साखळ्या कशा ठेवल्यात ते एकदा डोळ्यांनी बघायचंय.

---

घोडबंदरची_स्वारी | १६ डिसेंबर, सकाळी ६:४५

काका, पाच वाजता. आई म्हणते थर्मासात चहा आणते.